मालक बदलला म्हणून लगेच पळू नकोस

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली की ‘आता हे संपलं’ अशी बोंब उठते. ओरॅकलने 2010 मध्ये सन ही कंपनी घेतली तेव्हाही हीच बोंब होती: तिचं डेटाबेस सॉफ्टवेअर मायएसक्यूएल संपलं! संपलं नाही. जीपीएल या खुल्या परवान्याखाली बाहेर पडलेला कोड कुणालाच परत घेता येत नाही. नाव मात्र मालकाचंच. म्हणून तर सनच्याच ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमधून फुटलेल्यांना लिबरऑफिस असं नवं बारसं करावं लागलं. अर्थात सनची खुली ऑपरेटिंग सिस्टिम ओपनसोलारिस, तिचं काम त्याच वर्षी गुंडाळलं गेलं, तेव्हा अगदी निर्धास्तही राहू नकोस.

कोड देणाऱ्यांकडून कंपनी हक्क लिहून घेते का, ते बघ. घेत असेल तर पुढची आवृत्ती ती बंदिस्त करू शकते. बाकी चर्चा सोड. मायएसक्यूएल वापरत असशील तर पळायची वेळ आलीच तर वाट असावी म्हणून आजच डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून मारियाडीबीवर, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच फुटलेल्या डेटाबेसवर, चढवून बघ. मायएसक्यूएल 8 चं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) जुन्या मारियाडीबीला कळत नाही, तिथे एरर येईल. डंपच्या फाइलमध्येच ते बदलून घे.