मधोमध बसलेला केक

प्रिय मावशी,

मी ३४ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. घरी सासूबाई भाजी-आमटी करतात, पोळ्या माझ्याकडे. त्यांच्या पोळ्या रात्रीपर्यंत मऊ राहतात, माझ्या दुपारी डब्यात पापड होतात. म्हणून मी केक शिकले. आमच्याकडे कुणी केक करत नाही, तेव्हा तुलनाच नको. गेल्या रविवारी सासऱ्यांच्या सत्तरीला केक केला. पाहुणे पंधरा, म्हणून सगळं साहित्य दुप्पट घेतलं. पंधरा मिनिटांनी ओव्हन उघडून पाहिलं तेव्हा मस्त फुगला होता. बाहेर काढला तर मधोमध खड्डा! तो क्रीमने भरला आणि वाढतानाच सगळ्यांना सांगून टाकलं, ‘बिघडलाय, सांभाळून घ्या.’ नणंद म्हणाली, ‘अगं, एवढा घाट घालण्यापेक्षा विकतचा आणायचा.’ मी बाथरूममध्ये जाऊन रडले. उरलेला केक दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी चहाबरोबर संपवला, पण ते सोडा. माझ्या हाताला चवच नाही का? आता ओट्यापाशी उभं राहावंसंच वाटत नाही.

— करपलेली

अगं करपलेल्या मुली,

आधी केकचं बघू, तो तुझ्या नणंदेपेक्षा सोपा आहे.

साहित्य दुप्पट केलंस, पण डबा? तो बहुतेक नेहमीचाच होता. दुप्पट पीठ एकाच खोल डब्यात ओतलं की कडा भाजून तयार होतात आणि मधलं पीठ कच्चंच राहतं. त्यात तू पंधराव्या मिनिटाला दार उघडलंस. तेव्हा केक फुगलेला दिसतो, पण आतून तो नुसता फेस असतो. अंडं आणि मैदा शिजून घट्ट झाल्याशिवाय त्या फुगण्याला आधार नसतो. गार हवा शिरली, ओव्हनची उष्णता उतरली की मधला भाग खाली येणारच. पुढच्या वेळी दोन डबे घे. ओव्हन १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापव आणि निम्म्याहून जास्त वेळ जाईपर्यंत दाराला हात लावू नकोस. काचेतून कितीही वेळ बघ, बघण्याने काही बसत नाही. शेवटी मधोमध सुरी खुपसून पाहा, कोरडी आली की झालं.

म्हणजे तुझ्या केकचं कारण डब्यात आणि दारात होतं. त्यात तुझ्या हाताची चव कुठे आली?

आता पोळ्या. कणीक कोणत्या गव्हाची, हे तू लिहिलं नाहीस. लोकवनला लागतं तेवढंच पाणी सिहोरला लागेल असं नाही, आणि पाकिटातल्या पिठाचं गणित आणखी वेगळं. सासूबाईंचं माप विचारून उपयोग नाही, त्यांनाही ते सांगता येणार नाही. त्यांची बोटं मोजतात. तू कणीक वाटते त्यापेक्षा जरा सैल भिजव, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेव. घडीत तेल आणि चिमूटभर पीठ, लाटताना जोर कडांवर. आणि तवा चांगला तापू दे! नोकरीवाल्या मुली घाईत असतात, तवा पुरता तापायच्या आत पहिली पोळी टाकतात. मंद तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. डब्यातले पापड तिथूनच येतात. उतरवल्यावर सुती फडक्यात गुंडाळ, वाफ निवली की मग डबा लाव.

एवढं करूनही नको वाटलं तर पोळ्यांना बाई लाव. नवऱ्याबद्दल तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. त्यालाही लाटणं पेलवेल, असं माझं मत.

माझंही ऐक. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझ्या चकल्या तेलात विरघळल्या. मोहन जास्त झालं होतं, पण तेव्हा कुणाला ठाऊक? सोऱ्यातून सुंदर वेटोळी पडत होती आणि कढईत जाऊन त्यांचा भुगा होत होता. मी ‘मला काही येतच नाही’ असं घरभर म्हणत फिरले. सासूबाईंनी उरलेल्या पिठात कांदा-कोथिंबीर घालून थालीपिठं लावली आणि मुकाट्याने लोणी काढून ठेवलं. त्या दिवशीच्या थालीपिठांचा विषय घरात अजून निघतो, चकल्या कुणाला आठवत नाहीत. माझं रडगाणं मात्र दिराला पाठ आहे.

त्यावरूनच तुला बोलायचंय. पाहुण्यांच्या तोंडात घास जायच्या आत तू स्वतःच निकाल सांगितलास. क्रीमखालचा खड्डा कुणाला दिसला असता? ‘बिघडलाय’ ऐकल्यावर जीभ बिघाडच शोधते. नणंद खोचक बोलली, खरंय, पण दार तू उघडून दिलं होतंस (आज दुसऱ्यांदा!). तुझं हे रोजचंही असणार. ‘आज पोळ्या जरा कडक झाल्यात’, ‘घाईत केलंय हं’. यातलं पोळ्या वाढताना काय काय म्हणतेस, आठवून बघ.

आणि सासऱ्यांचं वाक्य ‘पण ते सोडा’ म्हणून तू संपवलंस. नणंदेच्या एका वाक्यावर इतकं पाणी काढलंस आणि ज्यांच्यासाठी केक केला त्यांनी तो सकाळी उठून, कुणी आग्रह न करता, चहात बुडवून संपवला, त्याला अर्धी ओळ. मी नाही सोडणार ते. सत्तर वर्षांच्या माणसाला सुनेचं मन राखायला शिळा केक संपवावा लागत नाही, ‘छान होता’ म्हटलं तरी भागतं.

या रविवारी क्रीम नको, पाहुणे नकोत. एकपट साहित्य, एक डबा, संध्याकाळच्या चहाला साधा केक कर. कापून मधे ठेव आणि गप्प बस. गप्प बसवलं नाही तर पहिला तुकडा स्वतःच्याच तोंडात कोंब.

— मावशी