रोजच्याच रस्त्यावर कसला फोटो काढणार?

प्रश्न: स्ट्रीट फोटोग्राफीचे फोटो बघायला जाम आवडतात, पण स्वतः कॅमेरा घेऊन बाहेर पडलो की तेच ट्रॅफिक, तेच बसस्टॉप, तीच गर्दी. यात सुंदर असं काय शोधायचं?

उत्तर: अहो, सुंदर वस्तू शोधूच नका, आधी उजेड शोधा! सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरपं येतं, दोन बिल्डिंगांच्या फटीतून रस्त्यावर एक पट्टा पडतो, तिथे उभं राहायचं आणि कोणीतरी त्या पट्ट्यात येईपर्यंत थांबायचं, एक्स्पोजर (म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते) उजेडाच्या भागावर सेट करा म्हणजे बाकीचा पसारा आपोआप काळोखात जातो आणि साधा पिशवी घेऊन चाललेला माणूससुद्धा स्टेजवर असल्यासारखा दिसतो. सॉल लायटर या फोटोग्राफरने न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं आपल्या घराच्या आसपासच फोटो काढले, वाफ धरलेल्या काचा, पाऊस, एखादी लाल छत्री, बस. टुरिस्ट स्पॉटची गरजच पडली नाही त्याला.

विवियन मायर ही फोटोग्राफर तर शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी करायची आणि तिच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यामध्ये वरून खाली बघून फ्रेम लावायची, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावावाच लागायचा नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मोबाईल चालतो. (लेन्सवर खर्च करायची घाई तर अजिबात नको.) फक्त झूम टाळा, दोन पावलं पुढे जा. आणि कोणी हाताने नको म्हटलं तर हसून फोटो डिलीट करायचा, वाद घालायचा नाही.