लेकराचे केस पहिल्यांदा घरी कापताना

पहिलीच वेळ आहे ना? मग मूल भुकेलं किंवा झोपाळलेलं असताना कात्री हातात घेऊच नका. केस नुसते ओलसर करा. ओले केस लांब दिसतात, वाळले की वर चढतात, कुरळे तर फारच. म्हणून कपाळावरची झुलपं भुवयांच्या खाली बोटभर ठेवूनच कापा, तीही कात्री उभी धरून, टोकाटोकाने. आडवी चालवली की सरळ पायरी पडते, ती लपत नाही. कानाजवळ अजिबात घाई नको: कान दुमडून बोटांखाली झाका, मगच कात्री लावा. भोवऱ्यावरचे केस मी नेहमी लांबच ठेवते, आखूड झाले की ताठ उभे राहतात. आणि रडायला लागलं तर थांबा. उरलेले उद्या कापू.