पहिलीदुसरीच्या पोरांना वाफा द्यायचाय? मग मेथीपासून सुरू करा

सर, सांभार (कोथिंबीर) पहिल्यांदा नको. त्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर पोरं रोज माती उकरून बघतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात पोषण आहाराच्या भाजीत जाते. सोबत थोडी भेंडी लावा: बी रात्रभर भिजवून, दोन सेंटीमीटर खोल, फुटाफुटावर. पोरं बोट पूर्ण खुपसतात, बी खोल जाऊन कुजतं. म्हणून काडीवर खूण करून द्या.

आपली काळी माती पावसात चिकटते, पाणी धरून ठेवते. सपाट वाफ्यात रोपं पिवळी पडून मरतात. दोन घमेली माती, एक घमेलं रेती, एक घमेलं कुजलेलं शेणखत असं मिसळून वीतभर उंच गादीवाफा करा. रुंदी अडीच फूटच, म्हणजे लहान हात दोन्हीकडून मध्यापर्यंत पोचतो. ताजं शेण टाकलं की उधई (वाळवी) आलीच.

पाणी झारीने, तेही बोटाच्या एका पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच. प्रत्येकाला पाणी घालायचंच असतं, त्यातच निम्मी रोपं जातात! पाळ्या लावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं पाकिटातलं बी पोरांच्या हाती देऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं. घरचं बी मागवा.

आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण पेरणीआधी. बकऱ्या थांबत नाहीत.