रोजच्या जगण्यात कृतज्ञतेची सवय कशी लावावी? त्याने माणूस खरंच सुखी होतो का?

होतो. पण वहीत लिहून होतो त्यापेक्षा, ज्याने आपल्यासाठी केलं त्याच्या तोंडावर बोलून जास्त होतो. ठाम सांगते, कारण याच विषयावरून माझं आणि थोरल्या भावाचं अजून वाजतं.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. पुढचं सगळं वहिनींनी केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्यासाठी मोबाइलला गजर लावलेले. टाचेवर, माकडहाडापाशी लाली दिसतेय का ते बॅटरी धरून बघायचं, दिसली तर त्या अंगावर टेकू द्यायचं नाही. मऊ भात चमच्याने, उठवून बसवून, ठसका लागू न देता. अण्णांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. ज्यांनी घरात असं दुखणं काढलंय त्यांना यामागचे कष्ट कळतील.

अण्णा शेतकरी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, हळद-तूप चोळायचे आणि त्यांना सांगायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ घरातल्या बाईमाणसाला मात्र कधी चांगला शब्द नाही. तशी पद्धतच नव्हती. आजारपणात एकदा औषध घेताना त्यांनी वहिनींचं मनगट धरलं आणि अडखळत म्हणाले, ‘लई केलंस पोरी.’ वहिनी म्हणाल्या, ‘आधी गोळी गिळा.’ पण त्याच रात्री त्यांनी मला फोन करून हे सांगितलं, आणि पुढेही कितीदा तरी. एरवी स्वतःबद्दल अवाक्षर न काढणारी बाई.

तेराव्याला दादाने उभं राहून सगळ्यांचे आभार मानले. डॉक्टर, भावकी, शेजारी, अगदी मंडपवाल्याचेसुद्धा. वहिनी पंगतीत वाढत होत्या. त्यांचं नाव आलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘घरच्यांचे आभार मानले की ते परके होतात.’ मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. आता तो रोज कृतज्ञतेची डायरी लिहितो, मला फोनवर वाचून दाखवतो. त्यात सूर्य असतो, पाऊस असतो, तब्येत असते. वहिनी नसतात.

डायरी वाईट नाही. एमन्स आणि मॅककला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासात काही जणांनी दर आठवड्याला आभार मानावेत अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. 2005 मध्ये सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी असे काही उपाय तपासले; एकात लोकांना, ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायला लावलं. लगेचचा आनंद सगळ्या उपायांत जास्त यात वाढला. हो, तो महिनाभरच टिकला आणि त्याच अभ्यासात रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा परिणाम सहा महिने दिसला. दादा नेमकं हेच धरून बसेल. माझं म्हणणं, मग पुढच्या महिन्यात दुसऱ्या माणसाकडे जा! राहून गेलेली माणसं कुणाला कमी असतात?

सवय लावायची तर घरापासून लावा. ‘थँक्स’ पुरत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा, चारचौघांत सांगितलं तर उत्तम. आणि बोलून मोकळे होऊ नका, रात्रीचा एखादा गजर आपल्याही मोबाइलला लावून घ्या.

एक राहिलं. मन सतत उदास असेल, झोप-भूक उडाली असेल तर डायरीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कुणी छळत असेल, तर ‘आहे त्यात सुख मान’ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका, मग ते कितीही जवळचे असोत.