‘करीन’ आणि ‘करून दाखवीन’

मुंबईत मराठीत एम.ए. करणारी एक मुलगी एका प्रेमकादंबरीवर प्रबंध लिहिते आहे. नायिका गिरगावातली, दिवसभर नोकरी, संध्याकाळी चर्चगेटला कायद्याचे वर्ग. नायकाने लग्नाचं विचारलं तर म्हणते, ‘परीक्षा होऊ दे, मग बोलू.’ मुलीचा प्रश्न असा की या नायिकेसाठी शब्द कोणता : आत्मनिर्धार, स्वयंनिर्णय, अंतःप्रेरणा की जिद्द?

निर्णय आणि निर्धार आधी वेगळे करू. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारलं, हा स्वयंनिर्णय. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असं फर्मावल्यावर त्या कैदेला तयार झाल्या, हा निर्धार. नायिकेचं ‘मग बोलू’ हा स्वयंनिर्णयच.

‘अंतःप्रेरणा’ टाळाच. आपण तो शब्द आतून सुचण्यासाठी, अचानक मिळालेल्या कौलासाठी वापरतो. इथे ‘आंतरिक प्रेरणा’ हवी.

खरी गंमत ‘जिद्दी’त आहे. जिद्द पुष्कळदा कुणीतरी डिवचल्यावर पेटते. काका ‘तुला झेपणार नाही’ म्हणतात आणि ती उत्तरते, ‘वकील होऊन दाखवते!’ हे ‘दाखवणं’ नीट बघा. दाखवायला समोर कुणीतरी लागतं. काका नसते तर वाक्यच उभं राहिलं नसतं. जोर कितीही असो, प्रेरणा बाहेरची. पुढे तीच लोकलमध्ये एक निकालपत्र वाचत बसते, उतरायचं चर्नी रोड स्टेशन मागे पडतं आणि ग्रँट रोडला मान वर करते. तिथे काका नाहीत, परीक्षाही नाही, नुसती वाचण्याची ओढ आहे. आंतरिक प्रेरणा ती हीच, आणि प्रबंधाचा कणा मी या दोन प्रसंगांमधल्या अंतरावर उभा करेन. साध्या मराठीत तिला ‘आपणहून’ म्हणतात. ‘आपोआप’ नव्हे, आपोआप दार लागतं, आपणहून माणूस उठतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी स्वयंनिर्णयाच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन गरजा मानल्या : स्वायत्तता, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपलेपणाचं नातं. तिसरी गरज प्रेमकथेसाठी फार मोलाची. त्यामुळे नायकाला थांबवणारी नायिका ‘प्रेमापेक्षा स्वातंत्र्य निवडते’ असं कृपा करून लिहू नका. ती त्याला नकार देत नाही, लग्नाची वेळ तेवढी स्वतः ठरवते.