लग्नपत्रिकेतला सगळा इंग्रजी मजकूर झाफ चान्सरी या नाजूक इटालिक टाइपात घ्यावा का?

तुम्ही अमळनेरहून विचारलंय, बहिणीची पत्रिका आहे म्हणून सांगतो: सगळा नको. वधूवरांची नावं घ्या, फार तर वरची एक ओळ.

मी जळगावात पत्रिकांचं डीटीपी करतो आणि हा टाइप मला मनापासून आवडतो. हर्मान झाफ या जर्मन कलावंतानं तो केला, १९७९ साली बाजारात आला. पण वळण जुनं, सोळाव्या शतकातल्या इटलीतलं. चान्सरी म्हणजे दफ्तर. पोपच्या दफ्तरातले लेखनिक चपट्या टोकाच्या लेखणीनं भराभर पत्रं लिहायचे, त्या घाईतून अक्षर अरुंद झालं, उजवीकडे कललं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातले जुने मोडी कागद पाहिलेत का? तिथेही कारकुनाच्या हाताची घाईच दिसते, म्हणून मला ही दोन्ही वळणं सख्खी वाटतात.

छोटा 'एन' मोठा करून बघा. कमान उभ्या दांडीच्या माथ्यावरून फुटत नाही, खालून दांडीला घासत वर चढते आणि तिथे केसाएवढी बारीक होते. सगळं सौंदर्य त्या बारीक रेषेत आहे, आणि धोकाही तिथेच. एकदा मी मरून कागदावर सोनेरी शाईत, स्क्रीन प्रिंटिंगनं, हॉलचा पत्ता याच टाइपात ९ पॉइंटात घेतला. बारीक रेषा उडाल्या. घरातले आजोबा पत्रिका खिडकीपाशी नेऊन तिरकी धरत होते, तरी पत्ता लागेना. सगळ्या पत्रिका मी पुन्हा छापून दिल्या.

तेव्हापासून माझी कसोटी एकच: ही ओळ कुणी हौसेनं हातानं लिहिली असती का? नाव, कवितेच्या दोन ओळी, मानपत्रावरचं नाव, घरगुती लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी, इथे हा टाइप खुलतो. स्थळ, वेळ, फोन नंबर आणि आपल्याकडची ती निमंत्रकांची लांबलचक यादी साध्या सरळ टाइपातच ठेवा. नावाचं पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल घ्या. सगळं नाव कॅपिटलमध्ये घेतलं की शेपट्या एकमेकींत अडकतात. नावाभोवती मोकळी जागा सोडा, आकार २४ पॉइंटाच्या खाली नको.

मराठी मजकूर मात्र त्याच्याशी जुळावा म्हणून कलता करू नका. देवनागरीच्या बोरूचा काप उलट्या बाजूचा, त्यामुळे जाड-बारीक रेषा वेगळ्याच जागी पडतात. संगणकानं तिरपं केलं की शिरोरेषा आडवी राहते आणि काने तेवढे पडायला आल्यासारखे दिसतात. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ घालणार असाल तर सरळ उभ्या, हलक्या वजनाच्या देवनागरीत घाला. आणि ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर आधी एक प्रत काढून घरातल्या थोरांना वाचायला द्या.